नाकाच्या मापाने जात: रिस्लेच्या निर्देशांकाचं प्रकरण

१८९१ साली हर्बर्ट रिस्ले या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने एक नियम मांडला. पूर्व आणि उत्तर हिंदुस्थानातल्या जाती घ्या, प्रत्येक जातीच्या नाकांच्या मापांची सरासरी काढा, सगळ्यांत निमुळतं नाक वर आणि सगळ्यांत पसरट नाक खाली अशी यादी लावा. ती यादी समाजात मानल्या जाणाऱ्या उच्चनीचतेशी बहुतांशी जुळते. थोडक्यात, माणसाचं सामाजिक स्थान त्याच्या नाकाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असतं. आज हे वाचून हसू येतं, पण रिस्ले थट्टा करत नव्हता. त्याच्या हातात सुमारे सहा हजार माणसांची मापं होती. ८९ जाती-जमाती, बंगालच्या उपसागरापासून अफगाण सरहद्दीपर्यंतच्या.

हे प्रकरण पुन्हा उघडण्याचं कारण म्हणजे रिस्लेची मापं सरसकट खोटी नव्हती. नाकं प्रदेशाप्रमाणे खरोखर बदलतात, बाई-पुरुषांची वेगळी असतात, आणि हा फरक मिलिमीटरमध्ये मोजता येतो. मग कॅलिपर (दोन पायांमध्ये धरून अंतर मोजण्याचं उपकरण) आणि निष्कर्ष यांच्या मधल्या वाटेत नेमकं काय बिघडलं? ते ज्यांनी शोधलं त्यांच्यात मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि पुण्याच्या इरावती कर्वे होत्या, म्हणून मराठी वाचकाला हा विषय तसा घरचाच आहे.

वाद आधी, कॅलिपर नंतर

१८८५ मध्ये लाहोरला तीन अधिकारी भेटले: पंजाबच्या जनगणनेचा गाजलेला अहवाल लिहिणारा डेन्झिल इबेट्सन, वायव्य प्रांताचा (आजच्या उत्तर प्रदेशाचा बराचसा भाग) जॉन नेसफील्ड आणि बंगालचा रिस्ले. जातींची माहिती देशभर एकाच पद्धतीने कशी गोळा करावी, हा बैठकीचा विषय. नेसफील्डचं मत पक्कं होतं: जात म्हणजे धंदा. त्याने लिहून ठेवलं होतं की बनारसच्या संस्कृत कॉलेजच्या वर्गात शिरणाऱ्या कुणालाही तिथले विद्यार्थी आणि बाहेर रस्ता झाडणारे लोक वेगळ्या रक्ताचे आहेत अशी शंकासुद्धा येणार नाही. रिस्लेला हे मुळीच मान्य नव्हतं. त्याच्या मते जातीच्या मुळाशी वंश होता; गोरे आर्य आले, इथल्या सावळ्या लोकांना त्यांनी जिंकलं आणि त्यांच्याशी सोयरीक टाळण्यासाठी जातीची भिंत उभी केली.

हे सिद्ध करायला त्याला शरीराचा पुरावा हवा होता. युरोपात मानवमिती, म्हणजे माणसाच्या शरीराची मापं घेण्याचं शास्त्र, तेव्हा ऐन भरात होतं. पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी कवट्यांसाठी नासिका निर्देशांक रूढ केला होता, त्यांचे शिष्य पॉल टोपिनार यांनी जिवंत माणसांची मापं घेण्याच्या रीती लिहून काढल्या होत्या. रिस्लेने टोपिनारची पद्धत उचलली. हिंदुस्थान ही मापं घेण्यासाठी आदर्श जागा आहे असं तो म्हणे, कारण युरोपात कोण कुणाशी लग्न करेल सांगता येत नाही, इथे मात्र जातीबाहेर लग्नच होत नाही, तेव्हा मूळचे वंश जसेच्या तसे टिकले असणार.

इथे थोडं थांबलं पाहिजे. जात वंशातून आली हे त्याला सिद्ध करायचं होतं. आणि जातीने वंश शुद्ध राखला हे तो आधीच धरून चालला होता. माप घेण्यापूर्वीच निम्मं उत्तर कागदावर लिहिलेलं होतं.

एका नाकाचं माप

नासिका निर्देशांकाचं गणित पाचवीतल्या पोरालाही जमेल. नाकाची रुंदी भागिले नाकाची उंची, गुणिले १००. उंची मोजायची ती दोन भुवयांच्या मधल्या नाकाच्या मुळापासून, पडदा जिथे वरच्या ओठाला मिळतो तिथपर्यंत. रुंदी म्हणजे दोन्ही नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडांमधलं सगळ्यांत जास्त अंतर. जिवंत माणसात निर्देशांक ७० च्या खाली आला तर नाक निमुळतं, ७० ते ८५ मध्यम, ८५ च्या वर पसरट. कवटीसाठीच्या मर्यादा वेगळ्या, कारण तिथे मांस नसतं.

आता प्रत्यक्ष एक नाक घेऊ. समजा उंची ५० मिलिमीटर, रुंदी ३८. निर्देशांक आला ७६. नाकाच्या मुळाचा बिंदू कवटीवर दिसतो, तिथे दोन हाडांचा सांधा असतो. जिवंत माणसात तो कातडीखाली असतो आणि बोटाने चाचपून ठरवावा लागतो. मोजणाऱ्याने तो २ मिलिमीटर खाली धरला की उंची ४८ होते आणि त्याच माणसाचा निर्देशांक ७९ च्या पुढे जातो. उंची बरोबर धरली पण कॅलिपरचे पाय नाकपुड्यांवर किंचित दाबले गेले, रुंदी ३७ आली, तर निर्देशांक ७४. नाक तेच, माणूस तोच, खुर्चीवरून उठलाही नाही, आणि पाच अंकांचा फरक पडला. वर्गवारीची मधली पायरीच मुळात पंधरा अंकांची आहे, हे लक्षात घ्या.

ही मापं रिस्लेने स्वतः बसून घेतली नव्हती. प्रांतोप्रांतीच्या दवाखान्यांतल्या मदतनीसांना शिकवून ती घेतली गेली. एकाच हाताने सगळी मापं घेतली तर त्या हाताची खोड सगळीकडे सारखी पडते आणि तुलना तरी टिकते. पंजाबात एकाचा हात, बंगालात दुसऱ्याचा, असं झालं की दोन हातांमधला फरक दोन जातींमधला फरक म्हणून छापला जाऊ शकतो.

मद्रासकडे हेच काम एडगर थर्स्टन करत होता. सरकारी संग्रहालयाचा हा प्रमुख कॅलिपर घेऊन डोंगराळ भागात जाई. वायनाडच्या पणियन जमातीतल्या बायका त्याला पाहून पळून गेल्या, कारण त्यांची समजूत अशी झाली की हा आपल्यातल्या चांगल्या-चांगल्या बायका निवडून, पेंढा भरून मद्रासच्या संग्रहालयात ठेवणार. किस्सा त्यानेच लिहून ठेवलाय, विनोद म्हणून. मला तो विनोदापेक्षा नमुना-निवडीवरची टीप वाटतो: ज्यांना पळता आलं ते आकड्यांत आलेच नाहीत.

यादी लागली कशी

रिस्लेच्या छापील सरासऱ्यांचा पल्ला साधारण ६७ ते ९४. निमुळत्या टोकाला पंजाबचे गुज्जर, पसरट टोकाला छोटा नागपूर आणि राजमहालच्या (दोन्ही आजच्या झारखंडाकडचे) डोंगरांतल्या जमाती. एवढ्यावरूनच एक गोष्ट नजरेत भरावी. सगळ्यांत निमुळतं नाक ब्राह्मणाचं नाही, गुरं राखणाऱ्या समाजाचं आहे; आणि दोन्ही टोकांमधलं अंतर मुख्यतः वायव्येपासून पूर्वेपर्यंतच्या प्रवासाचं आहे. पंजाबचा गहू आणि बंगालचा तांदूळ एकाच पोत्यात ओतायचे आणि दाण्याच्या लांबीवरून शेतकऱ्याची लायकी ठरवायची, असा हा प्रकार झाला.

प्रदेश सुटे केले की चित्र बदलतं. पंजाबात सफाईकाम करणाऱ्या चुहडा समाजाची सरासरी ७५ च्या आसपास. आजच्या उत्तर प्रदेशातल्या ब्राह्मणांचीही तेवढीच. बंगालात ब्राह्मणांची ७० च्या आसपास, तर ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्या नामशूद्रांची (तेव्हाच्या सरकारी कागदांत त्यांना ‘चांडाळ’ म्हणत) ७४ च्या आसपास. ब्राह्मणापासून नामशूद्रापर्यंतचं सगळं सामाजिक अंतर मधल्या चार अंकांत मावत होतं. एका माणसाच्या नाकावर कॅलिपर जरा इकडेतिकडे झाला तर पाच अंक हलतात हे आपण आत्ताच पाहिलं.

सरासरीबरोबर पसाराही पाहावा लागतो, आणि रिस्लेच्या नियमात तो कुठेच येत नाही. नासिका निर्देशांकाचं प्रमाण विचलन (एका गटातली माणसं सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याचं माप) सहा-सात अंकांचं धरलं, तर ७० आणि ७४ सरासरी असलेल्या दोन गटांतून एकेक माणूस उचलला की दर तीन जोड्यांपैकी एकीत ‘वरच्या’ गटातल्या माणसाचंच नाक जास्त पसरट निघेल. नियम म्हणतो ‘माणसाचं’ सामाजिक स्थान. आकडे बोलतात फक्त गटाच्या सरासरीबद्दल. शिवाय एका गटात शंभर माणसं मोजली असली, तरी दोन गटांच्या सरासऱ्यांमधला दीड-दोन अंकांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो. अशा यादीत ७४ आणि ७५ ला वरखाली बसवण्यात काहीच हशील नाही, आणि रिस्लेची यादी अशा शेजाऱ्यांनी भरलेली होती.

विल्यम क्रुक हा त्याचाच समकालीन आणि तोही सनदी अधिकारी. वायव्य प्रांतातल्या जातींवरचे त्याचे चार खंड १८९६ साली आले. त्याच्या प्रांतातल्या मापांवरून त्याचा कल नेसफील्डकडे झुकला: या भागातले लोक शरीराने फारसे वेगळे नाहीत, जात धंद्याने घडली. म्हणजे शंका घेणारा माणूस रिस्लेच्या शेजारच्याच कचेरीत होता. तरीही पुढे चालला तो रिस्लेचाच शब्द.

ऋग्वेद आणि जनगणना

आकड्यांना आधार म्हणून रिस्लेने वेद आणले. आर्यांनी जिंकलेल्या लोकांच्या नाकांचे उल्लेख वेदांत वारंवार येतात, असं त्याने लिहिलं. ‘वारंवार’ म्हणजे एकदा. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात ‘अनास’ हा शब्द दस्यूंना, म्हणजे आर्यांच्या शत्रूंना, एकदाच लावला आहे. मॅक्स म्युलरने तो ‘अ-नास’, बिननाकाचे, असा फोडला. वेदांचे भाष्यकार सायणाचार्यांनी ‘अन्-आस’, म्हणजे ज्यांना धड वाचा नाही असे, असा फोडला. बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांच्या उगमाविषयीच्या ग्रंथात हे दोन्ही अर्थ समोरासमोर ठेवून तपासले आणि सायणांचा अर्थ उचलून धरला. एका शब्दाच्या फोडीवर अख्खा वंशवाद उभा राहतो, तेव्हा ती फोड तपासण्यावाचून इलाज नसतो.

पुढे १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला तो रिस्लेच. आता त्याच्या हाती कॅलिपरपेक्षा मोठं हत्यार आलं. त्याने भारतीयांचे सात शारीरिक प्रकार पाडले आणि महाराष्ट्रातले ब्राह्मण, मराठे, कुणबी यांना मिळून ‘शक-द्रविड’ ही पाटी लावली. मध्य आशियातून आलेले शक आणि इथले द्रविड यांचं मिश्रण. या कामात त्याच्या हाताखाली बी. ए. गुप्ते हे मराठी गृहस्थ मदतनीस होते. शक-द्रविड सिद्धान्त फार टिकला नाही. पण त्याच जनगणनेत जाती सामाजिक मानाच्या क्रमाने लावायचा जो निर्णय झाला, त्याने देशभर आग लावली. तो क्रम लोकमतावरून लावायचा होता, नाकावरून नव्हे. पण उतरंड सरकारी कागदावर उतरवता येते हा विश्वास दोन्हींच्या मागे एकच होता. आमची जात वरची लिहा म्हणून अर्जांचा पाऊस पडला. १९११ च्या जनगणनेच्या वेळी एकट्या बंगालात आलेल्या अर्जांचं वजन दीड मण भरलं, अशी नोंद आहे.

तपासणी

घुर्ये केंब्रिजला रिव्हर्स आणि नंतर हॅडन या मानववंशशास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकले. १९३२ साली लंडनहून प्रसिद्ध झालेल्या जात आणि वंशावरच्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी नवी मापं घेतली नाहीत. रिस्लेचीच घेतली आणि ती प्रांतवार सुटी करून वाचली. उत्तर प्रदेशाच्या पट्ट्यात नाक आणि सामाजिक क्रम यांचा मेळ त्यांना बऱ्याच अंशी दिसला, आणि तो त्यांनी लपवला नाही. पण त्या पट्ट्याबाहेर, बंगालात, गुजरातेत, महाराष्ट्रात, दक्षिणेत, तो मेळ राहत नव्हता. उत्तर प्रदेशातला ब्राह्मण शरीराने आपल्याच प्रांतातल्या बहुतेक जातींपेक्षा पंजाबातल्या चुहडा आणि खत्री यांना जवळचा निघाला. एका प्रांतातला कल अख्ख्या देशाचा नियम म्हणून विकला गेला होता.

घुर्यांची ही पद्धत मला या प्रकरणातली सगळ्यांत देखणी गोष्ट वाटते. ना नवं उपकरण, ना नवा सिद्धान्त. समोरच्याचीच वही घेऊन रकाने वेगळे आखले.

बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरच्या ग्रंथात घुर्यांचे हेच निष्कर्ष वापरले. त्यांना उत्तर हवं होतं ते एका नेमक्या प्रश्नाचं: अस्पृश्य वेगळ्या वंशाचे होते म्हणून अस्पृश्य ठरले का? मापं सांगत होती की एकाच प्रदेशातले ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत. त्यावरून त्यांचा युक्तिवाद असा की ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड, ब्राह्मण नाग असतील तर तेही नाग. उतरंड शास्त्रीय आहे असं दाखवायला गोळा केलेले आकडे त्या उतरंडीचा पाया काढायला कामी आले. घुर्ये आणि आंबेडकर यांच्यात इतर मुद्द्यांवर फारसं एकमत नव्हतं, पण या कोष्टकापुरते दोघे एका बाजूला होते.

तिसरी तपासणी गणिताची. १९२० साली नागपूरला भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी प्रशांतचंद्र महालनोबिस यांना कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या मापांचं विश्लेषण करायला सांगितलं. पदार्थविज्ञानाचा हा प्राध्यापक त्यातून संख्याशास्त्राकडे वळला. त्यांना अडचण दिसली ती अशी: नाक एकटं घेऊन दोन गटांमधलं अंतर ठरवणं चूक, कारण नाकाची रुंदी, चेहऱ्याची रुंदी, उंची ही सगळी मापं एकमेकांत गुंतलेली असतात, उंच माणसाचं सगळंच थोडं मोठं असतं. ही गुंतागुंत लक्षात घेऊन गटागटांतलं अंतर मोजण्याचं त्यांचं सूत्र १९३६ मध्ये पूर्णत्वाला आलं. आज ते ‘महालनोबिस अंतर’ म्हणून जगभर ओळखलं जातं आणि यंत्रातला बिघाड पकडण्यापासून उपग्रहाच्या छायाचित्रांपर्यंत वापरलं जातं. दरम्यान १९३३ साली त्यांनी रिस्लेच्या बंगालच्या छापील तक्त्यांची उलटतपासणी केली. रुंदी आणि उंची दिलेली असेल तर निर्देशांक काढून ताळा पाहता येतो. असे ताळे घेत त्यांनी तक्त्यांतल्या चुका हुडकल्या आणि दुरुस्त केल्या. कितीतरी वर्षं पंडितांचे वाद ज्या आकड्यांवर रंगले, त्यांची साधी बेरीज-वजाबाकी कुणी पडताळली नव्हती!

इरावतीबाईंचा मार्ग याहून वेगळा. १९२८ ते १९३० त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली होत्या. हेच फिशर पुढे नाझींच्या वंशधोरणाचे शास्त्रीय आधारस्तंभ ठरले. बाईंचा विषय होता कवटीच्या दोन बाजूंमधली असमानता. ती असमानता वंशावर अवलंबून असल्याचा पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी त्याच संस्थेत राहून काढला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्यांनी महाराष्ट्रभर मापं घेतली. संख्याशास्त्राची बाजू सांभाळणाऱ्या वि. म. दांडेकरांबरोबरचा त्यांचा महाराष्ट्राच्या मानवमितीवरचा ग्रंथ १९५१ चा. बाईंचा भर एका गोष्टीवर होता: मोजायचं कुणाला? ‘ब्राह्मण’ किंवा ‘कुंभार’ हा मोजण्याचा गटच नव्हे. ज्या वर्तुळात प्रत्यक्ष लग्नं होतात तेवढाच गट खरा. कैलाश मल्होत्रांबरोबर १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांचे आठ अंतर्विवाही गट घेतले, चित्पावन, देशस्थ ऋग्वेदी, कऱ्हाडे वगैरे. सामाजिक मान एकच, पण शरीराच्या मापांत गट एकमेकांपासून चांगलेच वेगळे. रिस्लेचा नियम खरा असता तर सारख्या मानाच्या गटांची मापंही जवळपास सारखी यायला हवी होती.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आपणही रिस्लेसारखेच सोयीची यादी लावू. महालनोबिस, डी. एन. मजुमदार आणि सी. आर. राव यांनी १९४१ च्या उत्तर प्रदेशातल्या मापांचं जे विश्लेषण १९४९ साली छापलं, त्यातही ब्राह्मण एका टोकाला, कारागीर जाती मध्ये आणि आदिवासी दुसऱ्या टोकाला अशी ढोबळ मांडणी निघाली. २००९ सालच्या जनुकीय अभ्यासात भारतीयांमधला उत्तरेकडच्या प्राचीन लोकसमूहाचा वाटा ३९ ते ७१ टक्के असा आला आणि तो परंपरेने वरच्या मानलेल्या जातींत व हिंदी-मराठीसारख्या भाषा बोलणाऱ्यांत सरासरीने जास्त होता. २०१३ च्या अभ्यासाने हे मिश्रण साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी घडलं आणि त्यानंतर आपापसातली लग्नं बंद होत गेली असं दाखवलं. म्हणजे जातींमध्ये वंशपरंपरेचा फरक शून्य आहे असं नाही. पण प्रत्येक गट मिश्रच आहे, आणि ते मिश्रण नाकावरून वाचू गेलं तर नाक दुसरीच कहाणी सांगायला लागतं.

नाक कशाने रुंदावतं

ती कहाणी हवेची. श्वासाची हवा फुप्फुसात पोहोचेपर्यंत ३७ अंशांच्या जवळ तापलेली आणि बाष्पाने भरलेली असावी लागते. हे काम नाकातल्या ओल्या अस्तराचं. बाहेर थंड, कोरडी हवा असेल तर वाट अरुंद असलेली बरी, कारण तशा वाटेत हवेचा अस्तराशी जास्त संबंध येतो. उष्ण, दमट प्रदेशात हवा आधीच तयार असते, तिथे रुंद नाकाने काही अडत नाही. आर्थर थॉमसन आणि डडली बक्स्टन यांनी १९२३ साली जगभरचे नासिका निर्देशांक आणि तिथलं तापमान, आर्द्रता यांचा संबंध आकड्यांत मांडला. १९५४ मध्ये जोसेफ वायनर यांनी दाखवलं की यात हवेतल्या प्रत्यक्ष बाष्पाचा वाटा मोठा आहे. आता हिंदुस्थानचा नकाशा डोळ्यांसमोर आणा: वायव्येचा कोरडा, कडक थंडीचा पंजाब आणि पूर्वेचे, दक्षिणेचे दमट प्रदेश. रिस्लेची यादी ज्या दिशेने उतरते तीच ही दिशा.

२०१७ साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या गटाने ४७६ जणांच्या चेहऱ्यांची त्रिमितीय चित्रं घेतली. मूळ पश्चिम आफ्रिका, पूर्व आशिया, दक्षिण आशिया आणि उत्तर युरोप. नाकाची सात मापं तपासली. त्यांपैकी फक्त दोन, नाकपुड्यांची रुंदी आणि नाकाच्या तळाची रुंदी, गटागटांत इतकी वेगळी निघाली की तो फरक निव्वळ पिढ्यान्पिढ्यांच्या योगायोगाने पडला असं म्हणता येईना. आणि नाकपुड्यांची रुंदी पूर्वजांच्या प्रदेशातल्या तापमानाशी व आर्द्रतेशी जुळत होती. नाकाची उंची त्या दोघांत नव्हती. म्हणजे नासिका निर्देशांकाच्या अंशात हवामानाची खूण आहे, छेदात ती दिसत नाही, आणि ब्रोकापासून रिस्लेपर्यंत सगळे या दोघांचा भागाकार करून त्याला वंशाची खूण म्हणत राहिले. हवामानाशी जुळणारं लक्षण वंशावळीसाठी सगळ्यांत कुचकामी, कारण सारख्या हवेत राहणाऱ्या, एकमेकांशी काहीही नातं नसलेल्या माणसांतही ते सारखंच येऊ शकतं.

बायका कुठे आहेत

रिस्लेच्या तक्त्यांत जवळपास सगळे प्रौढ पुरुष. ज्या निर्देशांकावरून जातींचा इतिहास सांगायचा, त्यात निम्मी जात नव्हतीच. आणि जातीअंतर्गत लग्नांवर सगळी भिस्त ठेवणाऱ्या सिद्धान्तात वधूपक्ष मोजलाच जाऊ नये, हे जरा जास्तच झालं.

बाई-पुरुषांच्या नाकांतला फरक वेगळ्या जातीचा आहे. पुरुषांचं नाक सरासरीने उंचही असतं आणि रुंदही. अंश आणि छेद दोन्ही वाढल्याने निर्देशांकात हा फरक बराचसा लपून जातो. निर्देशांक आकार सांगतो, आकारमान गिळतो. अमेरिकेच्या आयोवा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१३ साली युरोपीय वंशाच्या ३८ जणांच्या वाढीची मापं तपासली, वयाच्या तिसऱ्या वर्षापासून ते विशीच्या मध्यापर्यंतची. अकराव्या वर्षाच्या सुमारापर्यंत मुलामुलींची नाकं सारखी वाढतात. मग मुलांची नाकं पुढे जातात, आणि सारख्या अंगलटीच्या बाई-पुरुषांतही पुरुषाचं नाक साधारण १० टक्के मोठं राहतं. त्यांचं स्पष्टीकरण असं की वयात येताना मुलांमध्ये स्नायू जास्त भरतात, स्नायूंना प्राणवायू जास्त लागतो, तेव्हा हवेची वाटही मोठी लागते. हे घडतं ते प्रत्येक समाजात, प्रत्येक घरात, सख्ख्या बहीण-भावातसुद्धा.

म्हणून आजच्या कुठल्याही धड मोजणीत बाई-पुरुषांचे रकाने वेगळे असतात. टोरंटोच्या लेस्ली फार्कश यांनी २००५ साली सहकाऱ्यांसह २५ लोकसमूहांतल्या १,४७० तरुणांच्या चेहऱ्यांची मापं प्रसिद्ध केली, ७५० पुरुष आणि ७२० स्त्रिया. हेतू वेगळा होता: चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेत वापरली जाणारी प्रमाणं गोऱ्या उत्तर अमेरिकनांवरून आली होती, आणि त्याआधी युरोपातल्या जुन्या चित्रकारांकडून. नाकाची रुंदी दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढी असावी, हा त्यातलाच एक दंडक. आशियाई आणि आफ्रिकी गटांत नाकाच्या उंचीपेक्षा रुंदीतच फरक ठळक आला. अपघातात चेंगरलेलं किंवा जन्मतः दुभंगलेल्या ओठामुळे फाकलेलं नाक पुन्हा उभं करताना शल्यविशारदाला असे आकडे लागतात. तो कुणाला वरखाली बसवत नसतो, रुग्णाच्या चेहऱ्याला काय शोभेल आणि श्वास कसा मोकळा राहील एवढंच पाहत असतो. मात्र त्यालाही ‘भारतीय स्त्री’ असा एकच रकाना पुरत नाही. महाराष्ट्रातल्या नुसत्या ब्राह्मणांच्या आठ गटांची मापं एका रकान्यात बसली नव्हती. गडचिरोलीची गोंड मुलगी आणि सिंधुदुर्गातली भंडारी मुलगी यांना एकाच सरासरीने मापलं, तर दोघींपैकी एकीच्या नाकपुड्या निष्कारण अरुंद केल्या जातील.